कृती सांगायची तर अख्खी सांगा

दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय उतरणार नाही म्हणून लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

एका बऱ्याच मोठ्या फूड पेजवर शेवळं या पावसाळी रानभाजीची रील आली. दिसायला देखणी. बाहेर पाऊस, तांब्याचं पातेलं, मागे बासरी. शेवळं चिरली, कांद्यावर परतली, वरून ओलं खोबरं, झाली भाजी. वर लिहिलंय 'आदिवासींचं विसरलेलं सुपरफूड, शरीर आतून स्वच्छ करतं'. काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, कुठेही नाहीत. चिंच नाही, आमसूल नाही. आतला पिवळा भाग काढून टाकायचा असतो, याचा उच्चारही नाही. खाली एका मुलीने लिहिलं होतं की तिने तशीच केली आणि घशाला, जिभेला इतकी खाज सुटली की रात्रभर झोप नाही, आईलाही तोच त्रास. आणि तिला उत्तर मिळालं, 'टॉक्सिन्स बाहेर पडताना असं होतं. पूर्ण पद्धतीसाठी आमचं ईबुक घ्या, लिंक बायोमध्ये.'

टॉक्सिन्स? अहो, ती खाज शेवळाची आहे! अळू, सुरण आणि शेवळं एकाच कुळातले. तिघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून अळूच्या फदफद्यात चिंच पडते, म्हणून सुरण आमसुलाच्या पाण्यात शिजवतात, आणि म्हणूनच शेवळांत काकडं घालतात. आंबट घालायचं आणि नीट शिजवायचं, खाज मारायची रीत ही. ती गाळून उरलेल्याला कृती म्हणायचं, आणि गाळलेलं विकायचं?

ज्यांना शेवळं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या पावसाच्या आसपास ठाणे-रायगडच्या जंगलात ही जमिनीतून वर येतात. पानं नंतर फुटतात, आपण खातो तो फुलोरा. काही आठवड्यांचाच खेळ. कातकरी, ठाकर, वारली बाया पहाटे उठून गोळा करतात आणि बदलापूर, कल्याण, कर्जत, पेणच्या बाजारात घेऊन बसतात. जुडीशेजारी हिरव्या, आंबट काकडांचा वाटा असतोच.

मी सोलापूरची. माहेरी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याचं माडगं, यात वाढले. लग्न होऊन बदलापूरला आले तेव्हा स्टेशनबाहेर पहिल्यांदा ते तपकिरी कोंब पाहिले आणि एका मावशीला विचारलं, हे काय? तिने उलट विचारलं, "कधी केलीस का गो?" म्हटलं, नाही. "घरात कुनाला येतं?" म्हटलं, सासूबाई सोलापूरच्याच. मग तिने उचललेली जुडी परत खाली ठेवली. "मग बस हितं," म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं. हाताला तेल लावून घे. वरचं पानासारखं जून आवरण काढ. आत दांडा दिसेल, त्याच्या बुडाचा पिवळा भाग कापून फेक, तोच जास्त खाजरा. बाकीचं बारीक चिर. काकडं ठेच, बिया काढ, वाटून रस काढ आणि त्या रसात शेवळं चांगली शिजव. घाई करायची नाही. मग कांदा-लसणावर घाल, भिजवलेले वाल घाल, नाहीतर चण्याची डाळ, मासे खात असशील तर सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घाल. हे सांगून झाल्यावर म्हणाली, "आता तू सांग मला." मी स्टेशनबाहेरच्या गर्दीत उकिडवी बसून शाळेतल्या पोरीसारखं पाठ म्हणून दाखवलं. तोवर एक गिऱ्हाईक उभं राहून कंटाळून निघून गेलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. काकडं हातात कोंबली आणि म्हणाली, "ह्याच्याबिगर करायची न्हाय. काकडांचं पैसं नको देऊस."

सांगा मला, त्या बाईचं नुकसानच झालं ना त्या दिवशी? तिला ना फॉलोअर वाढवायचे होते, ना मी उद्या परत येईन याची खात्री होती. पण तिच्याकडून नेलेली भाजी खाऊन कुणाच्या घशाला त्रास होऊ नये, याची जबाबदारी तिने आपली मानली होती. आज त्याच बायांच्या टोपलीचा फोटो काढायचा, 'आदिवासींचं' म्हणून मथळ्यात मिरवायचं, आणि त्यांनी फुकट दिलेला महत्त्वाचा अर्धा भाग लिंकच्या मागे ठेवायचा. संताप येतो मला.

हो, पेज चालवणाऱ्यांनाही पोट आहे. कॅमेरा, एडिटिंग, सगळ्याला पैसे लागतात, मान्य. पुस्तक विका, मसाले विका, वर्ग घ्या, मी स्वतः विकत घेईन. पण ज्या ओळीमुळे पदार्थ सुरक्षित होतो, ती ओळ फुकटच असली पाहिजे. यात मी एक इंच मागे हटणार नाही.

आणि हे शेवळांपुरतं नाही. दुधीचा रस बघा. सकाळी उपाशीपोटी प्या, हृदयाला चांगला, वजन उतरतं, हे रोज कुणीतरी सांगतंच. दुधी चिरताना आधी तुकडा जिभेला लावून बघायचा आणि कडू लागला तर अख्खा फेकायचा, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. रीलमध्ये ते येत नाही, कारण त्यात दोन सेकंद जातात. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं. उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव, लोक दगावलेत त्याने. आयसीएमआरला, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, या एका रसासाठी तज्ज्ञ बसवावे लागले, २०१२ साली त्यांचा अहवालही आला. त्यांचं सांगणं आज्यांचंच होतं: आधी चाखा, कडू असेल तर पिऊ नका, आणि पिऊन त्रास झालाच तर लगेच डॉक्टरकडे जा.

तान्ह्या बाळाला मध चाटवायच्या 'नैसर्गिक' टिप्सही अजून फिरतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो, हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. मधुमेह्याला साखरेऐवजी गूळ खुशाल खा म्हणून सांगणारे आहेत. अरे, गुळातही मुख्यत्वे सुक्रोजच, रक्तातली साखर वाढणारच! आयोडीनचं मीठ टाकून घरभर गुलाबी सैंधव वापरा म्हणणारे आहेत, आणि आयोडीन कमी पडून होणाऱ्या गलगंडाचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघत नाही.

मला घरचं, खरं अन्न नको आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. मी तर त्याच बाजूची आहे, तुम्ही सगळ्याही त्याच बाजूच्या आहात, म्हणूनच इथे लिहितेय. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे ऐकून मला आजही आनंद होतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हा आमच्या सोलापुरी ज्वारीचा कुणीतरी मान राखला असं वाटलं होतं. पाकिटातल्या चकचकीत खाण्यापेक्षा शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी पोरांच्या ताटात यावी हीच माझी इच्छा. पण एकदा घसा धरला की ती पोरगी आयुष्यात पुन्हा रानभाजी खाणार नाही. अर्धवट कृती देणारे पाकीटवाल्यांचंच काम सोपं करतात.

जाऊ दे. चिडून किती लिहायचं.

ती कमेंट करणारी मुलगी डोळ्यांसमोरून जात नाहीये. तिने उत्साहाने बाजारातून शेवळं शोधून आणली असतील. आईला खाऊ घातली. पूर्वी कृती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितली जायची. सांगणारी बाजूलाच असायची, "थांब, अजून कच्चंय" म्हणून हात धरायची. आता वाचणारी पुण्याच्या भाड्याच्या खोलीत एकटी असते, किंवा माझ्यासारखी परक्या जिल्ह्यात आलेली असते. तिच्या बाजूला कुणी नाही. म्हणून लिहिणारीवरच ती जबाबदारी येते. स्टेशनबाहेरच्या मावशीला हे न लिहिता-वाचता कळत होतं. घरी जाऊन माझ्या शेजारी कुणी उभं राहणार नाही हे तिने ओळखलं, म्हणून पाठ म्हणून घेतलं. मला ते तेव्हा फक्त गंमतीचं वाटलं होतं. आज त्याचं मोल कळतंय आणि लिहिताना डोळे भरून येतायत.

मी तुमच्यापैकी ज्या ज्या बायका कृती लिहितात त्या सगळ्यांना हात जोडून सांगतेय. काय टाकायचं, काय फेकायचं, किती शिजवायचं, कुणी खाऊ नये, हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा. लांब झालं तर होऊ द्या. आणि कुणाकडून शिकलात ते लिहा. सीकेपी मैत्रिणीच्या आईकडून शिकलात तर तसं लिहा, वाडीवरच्या बाईकडून शिकलात तर वाडीचं श्रेय वाडीला द्या. ९ ऑगस्टच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे जा, बायांशी बोला, विचारून घ्या, आणि जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस करू नका.

कुणी म्हणेल, असं सगळ्यांना सांगत सुटलं तर जंगलात शेवळं उरणार नाहीत. हे मलाही टोचतं. आपण फुलोराच खुडतो, मग बी धरणार कशातून? पण गाड्या भरून नेणारे व्यापारी जंगल ओरबाडतात, त्याचं खापर एका घराच्या एका जुडीवर फोडू नका. आपण रानात घुसून उपटायचं नाही, वाडीवरच्या बायांकडून घ्यायचं, मोसमात एकदोनदा खायचं. कुठलं ठेवायचं आणि कुठलं खुडायचं हे त्यांना पिढ्यांपिढ्या माहीत आहे.

त्या मुलीला मी वेगळा मेसेज केलाय, अख्खी कृती लिहून, काकडांच्या फोटोसकट. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा दाट कोळ चालतो, तेही लिहिलंय. आणि घसा अजून दुखत असेल तर भाजीचं नाव सांगून डॉक्टरांना दाखव, असंही. अजून तिने वाचलेला नाही.

बाकी, मला स्वतःला भारंगीचं विचारायचंय. पाला उकडून, पिळून, कडू पाणी टाकायचं एवढं येतं मला. पण पाणी एकदाच टाकता की दोनदा? कोवळ्या पाल्याला वेगळं करता का? फुलांची भाजी करताना काय करता? पेण, रोहा, माणगावकडच्या बायांनी कमेंटमध्ये लिहा, आणि जरा सविस्तर लिहा. 'इनबॉक्समध्ये सांगते' असं कुणी म्हणू नका, इथेच सगळ्यांसमोर लिहा.