फाइलवरून पुसलेली नावे
गाण्यांच्या फुकट देवाणघेवाणीवरचा आपला लेख वाचला. ही देवाणघेवाण १९९९ मध्ये नॅपस्टर या इंटरनेटवरून गाण्यांच्या फाइल वाटून घेण्याच्या सेवेमुळे सुरू झाली, हे त्यातील विधान आपल्याकडे तरी लागू पडत नाही. त्याच्या कितीतरी आधी आम्ही नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून कोऱ्या कॅसेटवर यादीबरहुकूम गाणी भरून आणत असू, आणि पुढे तेच काम मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांनी २ जीबीच्या मेमरी कार्डावर केले.

खरे नुकसान लेखातून निसटले आहे. विकतच्या कॅसेटच्या वेष्टनावर गीतकार-संगीतकारांची नावे छापलेली असत. माझ्या कार्डावर मात्र ‘ट्रॅक ०७’ एवढेच उरले, आणि कलाकाराच्या जागी दुकानदाराचा मोबाइल नंबर! २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा कायद्याने मान्य केला खरा, परंतु फाइलवर नावच नसेल तर तो वाटा कोणाच्या खात्यावर धरायचा, याविषयी लेखकाने लिहायला हवे होते.