तू तर घरचाच!

२०१४ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, मामाचा फोन आला. चिपळूणला त्याचं मंगल कार्यालय आहे आणि कुणा पोरानं त्याला वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर, वेबसाइट करून दिली होती. "सगळं झकास आहे रे," मामा म्हणाला, "पण महिना मराठीत आणि तारखेचा आकडा इंग्रजी. धोतरावर टाय लावल्यासारखं दिसतंय."

मी तेव्हा तिशीत होतो आणि नात्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला मीच जबाबदार आहे असं मलाही वाटायचं. एका रविवारी जेवणानंतरची सुस्ती उतरायच्या आत पन्नास-साठ ओळींचं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहून टाकलं: पानावर इंग्रजी आकडा दिसला की उचल आणि त्या जागी देवनागरी ठेव. मामा खूश. इथंच थांबायला हवं होतं. पण मला औदार्याची उबळ आली आणि ते प्लगिन मी वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात सगळ्या महाराष्ट्रासाठी फुकट ठेवलं.

पहिला मेल चौथ्या दिवशी आला. लोणची विकणाऱ्या एका बाईंच्या साइटवरचे सगळे फोटो गायब झाले होते. मी 'दिसेल तो आकडा बदल' असं लिहिलं होतं आणि प्लगिन आज्ञाधारक होतं. त्यानं फोटोंच्या फाइलींच्या नावांतले आकडे बदलले, रंगांच्या कोडमधले बदलले, आणि वर्डप्रेस अवतरणचिन्हासाठी पडद्याआड जो कोड वापरतं त्यालाही सोडलं नाही. त्यामुळे बाईंच्या 'आजीच्या हातची चव' या वाक्याच्या शेवटी '&#८२१७;' असं काहीतरी लटकत होतं. गिऱ्हाइकांना ते लोणच्याचं वजन वाटलं असावं. मी रात्री दोनपर्यंत बसून दुरुस्त केलं. मग एका दंतवैद्यांच्या साइटवर फोनचं बटण दाबलं तरी फोन लागेना, कारण नंबरही मराठी झाला होता. तेही केलं. असं करत करत पन्नास ओळींच्या साडेसातशे झाल्या. त्यातल्या सातशे 'हे बदलू नकोस' एवढंच सांगण्यासाठी आहेत.

आज हे प्लगिन चार हजारांवर साइटांवर आहे. त्यात देवस्थानं आहेत, पतसंस्था आहेत, एक कीर्तनकार आहेत. ही माणसं मला ओळखत नाहीत, पण रागावतात मात्र घरच्यासारखी. एकानं लिहिलं होतं, "तुमच्या प्लगिनमुळे दोन बुकिंग गेली, भरपाई कोण देणार?" भांडारातलं प्रत्येक प्लगिन खुल्या परवान्याखाली असावं लागतं आणि त्या परवान्यात ठळक लिहिलेलं असतं की कसलीही हमी नाही. पण 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी वाचून कुणी गप्प बसलंय का आजवर? दुसऱ्या एका सद्गृहस्थांचा अभिप्राय मला पाठ आहे: "पाच वर्षे वापरतो आहे. उत्तम. या वेळी उत्तर यायला दोन दिवस लागले. एक तारा."

वर्डप्रेसची मोठी आवृत्ती वर्षातून दोन-तीनदा येते. दर वेळी प्लगिनवाल्यानं एका फाइलीत एक ओळ बदलायची असते: अमुक आवृत्तीपर्यंत तपासून पाहिलं. पेन्शनरांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला असतो ना, तसंच. प्लगिन टणटणीत असलं तरी दाखला भरायचाच. नाही भरला तर तीन मोठ्या आवृत्त्यांनंतर पानावर पिवळी पट्टी येते की याची अलीकडे चाचणी झालेली नाही. मग 'हे बंद झालं का?' असे मेल सुरू होतात. त्या एक ताऱ्यानंतर मी जो रुसलो, तो दाखला भरलाच नाही.

खरा दणका पीएचपीनं दिला. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची आठवी आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि तिच्यातून काही जुन्या सोयी कायमच्या काढून टाकल्या. त्यातली एक माझ्या कोडात सुखानं नांदत होती. सर्व्हरवाले आपापल्या सवडीनं नव्या आवृत्तीवर जात राहिले आणि माझं प्लगिन त्यांच्या सवडीनं हप्त्याहप्त्यानं कोसळत राहिलं. मोठा हप्ता लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आला. घरात पणत्या, दारात रांगोळी, मी सोवळ्यात, आणि पाटाशेजारी लॅपटॉप. तासाभरात चाळीस मेल. बायको म्हणाली, "लक्ष्मी आली की काय?"

आता लक्ष्मीचं सांगतो. प्लगिनच्या पानावर मी 'देणगी द्या' असं बटण लावलं होतं, एका परदेशी कंपनीचं. त्या कंपनीनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवायची सोय बंद केली. हे मला कळलं ऑक्टोबरात, तेही योगायोगानं. प्लगिन तासभर बंद पडलं तर चाळीस मेल. देणगीचं बटण सहा महिने मेलेलं होतं, कुणी हूं की चूं केलं नाही.

मग यूपीआयचा क्यूआर लावला. पहिल्याच रात्री मोबाइल टिणकला. एक रुपया. खाली शेरा होता, 'चालतंय का बघतोय'. पुढे वर्षभरात अकरा, एकवीस, एकावन्न असे आहेराच्या आकड्यांत मिळून आठशे बारा रुपये जमले. एका देवस्थाननं तर मलाच त्यांच्या जीर्णोद्धाराची पावती पाठवली.

बायकोला पटवायला मी मोठमोठ्या माणसांची उदाहरणं काढली. ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटच्या निम्म्याअधिक तिजोऱ्यांचं कुलूप. त्या प्रकल्पाला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणग्या येत आणि पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा कुठे बड्या कंपन्यांना खिसे आठवले. "आणि तो जर्मनीतला वेर्नर कोख बघ," मी म्हटलं. "ईमेलला टाळं लावणारं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं सांभाळलं, पैसे संपत आलेले. २०१५ मध्ये त्याच्यावर एक लेख छापून आला आणि देणग्यांचा पाऊस पडला. फेसबुक आणि स्ट्राइपनं वर्षाला पन्नास-पन्नास हजार डॉलर कबूल केले."

"मग तुझ्यावर कोण लिहितंय?"

कुणी नाही, म्हणून हा लेख मीच लिहायला घेतला.

"आणि तू स्वतः कुणाला दिलेस?" हा तिचा पुढचा प्रश्न. मी पंधरा वर्षं व्हीएलसीवर सिनेमे बघतोय, फाइली सेव्हन-झिपनं उघडतोय, नोकरीतली निम्मी भाकरी लिनक्सवर भाजतोय, सगळं असंच कुणीतरी फुकट दिलेलं. दिलेली रक्कम: शून्य. मी पाणी प्यायला उठलो.

मध्यंतरी एक गोड मेल आला. कुणी परदेशी गृहस्थ प्लगिन विकत घ्यायला तयार होते. चार हजार साइटांवर आयतं घुसायला मिळतंय, तर देवनागरी आकड्यांवरचं हे प्रेम कुठून आलं ते समजायला ज्योतिषी लागत नाही. २०१७ मध्ये दोन लाखांच्या आसपास साइटांवरचं एक प्लगिन असंच विकलं गेलं होतं, आणि नव्या मालकानं त्यात चोरदरवाजा ठेवून लोकांच्या साइटांवर जाहिराती पेरल्या होत्या. मी बाणेदारपणे नकार लिहिला. बायकोनं विचारलं, "किती देत होता?" सांगितलं. त्यानंतर दोन दिवस भाजीत मीठ जास्त होतं.

शेवटी मामालाच विचारलं. "साइट सांभाळणाऱ्या पोराला किती देतोस?"

"वर्षाला बारा हजार. कटकट नको रे."

"आणि मला?"

"अरे, तू तर घरचाच!"

परवा संध्याकाळी सोसायटीतल्या मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली.

"काका, वर्गणी."

"यंदा ऑनलाइन होती ना? सोसायटीच्या ग्रुपवर लिंक आलेली."

"ती बंद पडलीय काका, म्हणून तर दारोदार फिरतोय. रकमेच्या चौकटीत आकडा मराठीत येतो आणि बँक म्हणते ही रक्कमच नाही."

माझ्या पोटात गोळा आला. "कशामुळे?"

"कुठलंतरी फुकटातलं प्लगिन आहे. ज्यानं बनवलं तो बहुतेक मेलाय. दीड वर्षात अपडेटच नाही."

मी मुकाट्यानं पाचशे एक काढून दिले. पोरानं पेनाचं टोपण दातात धरून पावती गुडघ्यावर टेकवली, सुबक मराठी आकड्यांत रक्कम लिहिली आणि वर पाहिलं.

"नाव काय लिहू, काका?"

"आधी कै. लिही रे," स्वयंपाकघरातून आवाज आला, "मग सांगते."