“रोनाल्डो 2000 सालीच संपला” म्हणणाऱ्यांना उत्तर

ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डो याच्याबद्दल (पोर्तुगालचा नव्हे) एक मजकूर धडाधड शेअर होतोय. त्याची खरी कारकीर्द चार वर्षांची, गुडघा गेला आणि तो संपला. 2002 चा विश्वचषक जर्मन गोलरक्षकाने आंदण दिला. चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) तर कधी मिळालीच नाही, आणि आजचं कौतुक म्हणजे जुन्या व्हिडिओंची पुण्याई. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी गुडघा. 12 एप्रिल 2000 ला इंटर या इटालियन क्लबकडून लाझिओविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा तुटला. पुढचा अख्खा हंगाम गेला. बार्सिलोनातला, 49 सामन्यांत 47 गोल करणारा तो भन्नाट वेग पुन्हा तसा दिसला नाही, हे मान्य. पण विश्वचषकांतल्या त्याच्या 15 गोलांपैकी 11 या दुखापतीनंतरचे आहेत! 2002 चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, नंतरचा. रेआल माद्रिदकडून 2003-04 मध्ये 24 गोल करून तो स्पॅनिश लीगमध्ये अव्वल ठरला, तेही नंतरच. संपलेला माणूस एवढं करतो?

आता जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानचं ‘आंदण’. योकोहामातल्या अंतिम सामन्याचा 67 वा मिनिट नीट बघा. चेंडू रोनाल्डोच्या पायातून निसटतो, तो पडतो, उठतो आणि जर्मनीच्या हामानच्या पायातला चेंडू परत हिसकावतो. मग संघातला साथीदार रिवाल्डोला पास. रिवाल्डोचा फटका कानच्या हातून सुटतो, तेव्हा सगळ्यांच्या आधी तिथे पोचलेला असतो पुन्हा रोनाल्डोच. चूक कानची होतीच, पण त्या चुकीपर्यंतची सगळी धडपड कोणाची? बारा मिनिटांनी रोनाल्डोचाच दुसरा गोल आला, त्यात तर कानची काहीच चूक नव्हती. त्या स्पर्धेत सात सामन्यांत त्याने आठ गोल केले, आणि पात्रता फेरीत तो एकदाही खेळला नव्हता.

चॅम्पियन्स लीग जिंकली नाही, हे खरंच. पण त्याच स्पर्धेत 23 एप्रिल 2003 ला ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने हॅटट्रिक केली. सामना मँचेस्टर युनायटेडने 4-3 असा जिंकला, तरी दोन्ही सामन्यांच्या बेरजेत 6-5 ने पुढे गेलं रेआल. तो बाहेर जाताना युनायटेडचेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. असा मान परक्या मैदानावर किती जणांना मिळतो?

वजनावरून हिणवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की 2011 मध्ये निवृत्त होताना त्याने थायरॉइडच्या आजाराबद्दल उघडपणे सांगितलं होतं. शिवाय 2008 मध्ये एसी मिलानकडून खेळताना दुसऱ्या, डाव्या गुडघ्याचाही कंडरा तुटला होता.

राहिली लोकप्रियता. ती व्हिडिओंमुळे असती तर मार्च 2009 मध्ये जे घडलं ते घडलंच नसतं. कोरिंथियन्स या ब्राझीलच्या क्लबकडून पाल्मेइरासविरुद्ध, 90 मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत हेडरने बरोबरीचा गोल करून तो प्रेक्षकांकडे धावला, कुंपणावर चढला, आणि पलीकडून उसळलेल्या गर्दीच्या भाराने कुंपणच कोसळलं. त्या वर्षी कोरिंथियन्सने साओ पाउलो राज्याची स्पर्धा जिंकली आणि ब्राझील कपही. दोन्ही गुडघे शिवून घेतलेला रोनाल्डो त्या संघाचा सेंटर फॉरवर्ड होता.