“दोन दिवसांत खोली रंगवा” म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

तोच मेसेज या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. पेंटर कशाला, दोन दिवसांत खोली स्वतःच रंगवा, पुट्टी-प्रायमर (खड्डे भरायचा लगदा आणि रंगाआधी मारायचा थर) हा कंपन्यांचा धंदा आहे, रंगात अर्धं पाणी टाका, एका लिटरमध्ये खोली होते, मे महिन्यात करा म्हणजे पटकन वाळते, ओल दिसली तर तिथे एक हात जास्त मारा. मी नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरच्या दोन खोल्या स्वतः रंगवल्या, पहिली बिघडवली अन् दुसरी बरी जमली, म्हणून लिहून राहिलो. स्वतः रंगवू नका असं माझं म्हणणं नाही, पण ह्या मेसेजच्या भरवशावर नका रंगवू राजेहो.

आधी प्रायमरचं. पहिल्या खोलीत मी हेच ऐकलं होतं. जुनं डिस्टेंपर होतं, भिंतीवरून हात फिरवला की तळवा पांढरा व्हायचा, मी त्यावर थेट इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) मारलं. दिसायला झकास. मग स्विचबोर्डभोवतीची मास्किंग टेप काढली तर टेपसोबत रंगाची पट्टीच सोलून आली, कारण रंग भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटला होता. दुसऱ्या खोलीत ओल्या फडक्याने पुसलं, सुटलेलं सगळं पत्तीने खरवडलं, खड्डे पुट्टीने भरले, वाळल्यावर सँडपेपर मारला, धूळ पुसली, मग प्रायमर. ह्यातच तीन दिवस गेले, रंगाचे दोन हात तर एका दिवसात झाले. आता सांगा, दोन दिवसांत काय होते?

एक गोष्ट तर मेसेजमध्ये नाहीच. दारं-खिडक्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, आणि लेकरांना खोलीत येऊ देऊ नका, त्या धुळीत विषारी शिसं असू शकते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या रंगात किती असेल कोण जाणे. पाण्याचा सँडपेपर घ्या, ओलं करून घासा, तोंडाला मास्क लावा.

मे महिन्याचा सल्ला देणारा माणूस नागपूरचा नसावा. बाहेर ४५ डिग्री, भिंत हात लावला तर गरम, रोलरचा एक पट्टा मारून बाजूचा सुरू करेपर्यंत पहिला वाळलेला असते, मग जोडाच्या रेघा उठतात आणि संध्याकाळी लाइट लावला की एकेक मोजून घ्या. पंखा लावला तर आणखी लवकर वाळते, बंद ठेवला तर आपणच वाळतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर विचारूच नका. मी दुसरी खोली डिसेंबरात केली, आरामात.

ओल म्हणाल तर आमच्याकडे तिचं घर ठरलेलं आहे, कूलरच्या खिडकीखाली. टाकीतून पाणी झिरपते, भिंतीतला खार वर येते, रंगाचे पोपडे धरतात. तिथे पाच हात मारा, पुढच्या सीझनला पाचही सोबत गळतील. आधी गळती बंद करा, भिंत वाळू द्या, मग प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर अजून थांबा. काळ्या मातीवरच्या घरांना ज्या चिरा पडतात त्याही तशाच, माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, नुसत्या रंगाने त्या झाकल्या जात नाहीत. पत्तीने चीर थोडी उघडून क्रॅक फिलर भरावा लागते.

पाणी किती टाकायचं ते डब्यावर लिहिलेलं असते, तेवढंच टाका. जास्त टाकलं तर खालचा रंग दिसतो आणि तिसरा हात मारावा लागते, काहून वाचवता मग?

आणि “एका लिटरमध्ये खोली”? दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा करून ४०० धरा. दोन हातांना साधारण तीन-चार लिटर लागतात, भिंत कशी आहे त्यावर. कमी आणलं तर शेड मिक्स करून घ्यायला परत दुकानात जा, आणि दुसऱ्या वेळचा शेड किंचित वेगळा येऊ शकते. भिंतीच्या मधोमध कळते ते.

मजुरी वाचते हे मात्र खरं लिहिलंय. भिंतींची माझीही वाचली. छताला मी पेंटरच बोलावला, तेही भिंतींच्या आधी, नाहीतर सगळे शिंतोडे नव्या रंगावर. मान वर करून दहा मिनिटं रोलर फिरवून पाहिला होता मी, मग गुपचूप फोन लावला.