‘५०६० उघडा, बिल विसरा’ हा सल्ला पाळू नका

सोलापुरात कारखानदारांच्या, दवाखान्यांच्या आणि पेठेतल्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गाभा असा: जुना कॉम्प्युटर घ्या, त्यावर ॲस्टरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका, प्रत्येकाला एक एक्स्टेन्शन, म्हणजे आतला नंबर, द्या, लक्षात राहावा म्हणून पासवर्डही तोच नंबर ठेवा, राउटरमध्ये ५०६० पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडा. पंधरा मिनिटांत काम फत्ते. टेलिफोनचं बिल शून्य, परदेशातल्या मुलाशी लोकल दरात बोलणं, आणि एकदा बसवलं की पुन्हा बघायला नको.

मी हेच काम करतो. चिंचोळी एमआयडीसीतला कारखाना आणि नवी पेठेतलं दुकान एका एक्स्टेन्शनवर बोलू लागलं की धंद्याला किती सोपं जातं, हे मला माहीत आहे. म्हणून तर या मेसेजचा राग येतो. चांगल्या गोष्टीच्या नावाखाली तो लोकांना खड्ड्यात घालतोय. त्यातला एकेक दावा घेतो.

‘बिल शून्य होतं.’ आतल्या आत बोलण्याचं होतं, हे खरं. गोडाऊनमधून हिशेबनिसाला, रिसेप्शनवरून डॉक्टरांच्या केबिनला, कारखान्यातून दुकानाला लावलेला फोन तुमच्याच नेटवर्कवरून किंवा इंटरनेटवरून जातो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. पण व्यापाऱ्याच्या मोबाइलवर फोन लावायचा तर बाहेरची लाइन लागतेच. तिला सिप ट्रंक म्हणतात, ती परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी लागते आणि तिचे पैसे लागतात. सॉफ्टवेअर फुकट आहे, ट्रंक फुकट नाही.

‘कुठलाही जुना कॉम्प्युटर चालतो.’ चालतो. वीस-पंचवीस एक्स्टेन्शनचा भार फारसा नसतो. फक्त तो मागाच्या शेडमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेचं ऊन आणि सुताचा उडणारा बारीक कचरा मिळून पंखा जाम करतात.

आता मुख्य मुद्दा. ‘५०६० पोर्ट उघडा, पासवर्ड नंबरच ठेवा.’ पूर्ण मेसेजमध्ये याहून घातक ओळ नाही. ५०६० हा सिपचा, म्हणजे इंटरनेटवर फोन जोडणाऱ्या पद्धतीचा, ठरलेला पोर्ट आहे आणि हे जगभरातल्या चोरांनाही ठाऊक आहे. त्यांचे प्रोग्रॅम दिवसरात्र इंटरनेटवरचे पत्ते चाळत असतात. तुमचा पोर्ट उघडा दिसला की थोड्याच वेळात ॲस्टरिस्कच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, रांग लागते. आधी १०० नंबरने नोंदणीचा प्रयत्न, मग १०१, १०२, मग १०००, १००१. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नो मॅचिंग एंडपॉइंट फाउंड’, म्हणजे असा फोन इथं नाही. त्यातला १०१ तुमच्याकडे खरोखर असेल तर ओळ बदलते, ‘फेल्ड टु ऑथेंटिकेट’. म्हणजे नेम खऱ्या नंबरावर बसला, आता फक्त पासवर्ड हवा. पहिला अंदाज काय असणार? १०१.

आत शिरलेला माणूस तुमचं बोलणं ऐकायला आलेला नसतो. तो तुमच्या ट्रंकवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर एकामागून एक कॉल लावतो. त्या नंबरांवरच्या प्रत्येक मिनिटाचा वाटा त्याच्या साखळीला मिळतो. बाहेरच्या लाइनसाठी तुम्ही आधी कोणता आकडा दाबता हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो ०० लावून बघतो, ९०० लावून बघतो, ९९०० लावून बघतो. हे बहुतेक रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी चालतं, कारण तेव्हा लॉग बघायला कोणी नसतं. बिल येतं ते ज्याच्या नावावर ट्रंक आहे त्याच्या नावानं. ‘कॉल मी केले नाहीत’ म्हणून हात झटकणं सोपं नसतं, कारण कॉल तुमच्याच सर्व्हरवरून, तुमच्याच पासवर्डने गेलेले असतात.

आणि बहुतेकांना तो पोर्ट उघडायची गरजच नसते. तुमचा सर्व्हर स्वतःहून ट्रंक देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन नोंदणी करतो, थोड्या-थोड्या वेळाने ती ताजी करतो, आणि त्याच वाटेने येणारा कॉलही आत येतो. कंपनीने नोंदणीऐवजी थेट तुमच्या आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) कॉल पाठवायची पद्धत ठेवली असेल, तर फायरवॉलमध्ये फक्त त्या कंपनीच्या पत्त्यांना वाट द्या. मालकाला घरून मोबाइलवर एक्स्टेन्शन हवं असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतची खासगी वाट, लावा. पासवर्ड प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा, लांब आणि मशीनने बनवलेला. तो पाठ करायचा नसतो, फोनमध्ये एकदाच टाकायचा असतो. फेल-टू-बॅन हा प्रोग्रॅम लावून चुकीचे प्रयत्न करणारे पत्ते अडवा, ट्रंकवर आयएसडी बंद ठेवायला सांगा, टॉवेल निर्यात करत असाल तर फक्त लागणाऱ्या देशांचे कोड उघडा. शक्य असेल तर ट्रंक प्रीपेड घ्या आणि शिल्लक कमी ठेवा. ५०६० बदलून दुसराच आकडा ठेवला की सुरक्षित झालो, असंही काहीजण सांगतात. त्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, एवढंच.

‘५०६० उघडला की आवाज दोन्हीकडून येतो.’ येत नाही, कारण आवाज ५०६० वरून जातच नाही. सिप फक्त घंटी वाजवतं, फोन उचलला-ठेवला ते कळवतं. आवाज आरटीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने वेगळ्या पोर्टवरून जातो. ॲस्टरिस्कच्या नमुना फाइलमध्ये हे पोर्ट १०००० ते २०००० दिलेले असतात. मेसेज वाचून सर्व्हर बसवणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार इथंच असते: घंटी वाजते, समोरचा उचलतो, त्याला आपलं ऐकू जातं, आपल्याला त्याचं काहीच येत नाही.

कॉल लावताना जो निरोप बाहेर जातो तो ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर (आदेश टाइप करायच्या पडद्यावर) उघडून बघा. त्यात ‘सी’ अक्षराने सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्यात आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता असतो. काही सेटिंग केलं नसेल तर तिथं १९२.१६८.१.१० असा काहीतरी दिसेल. हा तुमच्या ऑफिसच्या आतला पत्ता. पाकिटावर परतीचा पत्ता म्हणून नुसतं ‘माजघर’ लिहावं, तसं हे झालं. कंपनीचा सर्व्हर आवाज त्या पत्त्यावर पाठवतो आणि तो कुठेच पोचत नाही. यावरचा इलाज पीजेसिप या ॲस्टरिस्कच्या सिप भागाच्या सेटिंग फाइलमध्ये आहे: बाहेरचा पत्ता ‘एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस’ आणि ‘एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस’मध्ये द्या, आतलं नेटवर्क ‘लोकल नेट’मध्ये सांगा, एंडपॉइंटवर (त्या फोनच्या किंवा ट्रंकच्या नोंदीत) ‘डायरेक्ट मीडिया’ बंद आणि ‘आरटीपी सिमेट्रिक’ चालू ठेवा. मग राउटरमध्ये सिप एएलजी नावाचा पर्याय शोधून तो बंद करा. तो मदतीसाठी केलेला आहे, पण निरोपातले पत्ते स्वतःच्या अकलेने बदलून तो अनेकदा असलेलं बिघडवतो.

राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही ब्रॉडबँड कंपनीच्या सामायिक पत्त्याआड आहात. २०१२ साली ही मालिका खास त्यासाठीच राखून ठेवली गेली. अशा लाइनवर पोर्ट उघडूनही त्यातून बाहेरचं काही आत येणार नाही. मेसेजमधली कृती तिथं मुळातच लागू नाही.

‘शंभर एमबीपीएस घेतलं की आवाज क्लिअर.’ वेगाचा इथं फारसा संबंध नाही. जी.७११ या कोडेकचा (आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतीचा) एक कॉल, पॅकेटवरच्या पत्त्यांसकट, एका दिशेला सुमारे ८० ते ९० केबीपीएस घेतो. दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आत. आवाज तुटतो तो उशिरामुळे. दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट जायला हवं. त्याच वेळी कोणी डिझाइनची मोठी फाइल अपलोड करायला लावली किंवा कॅमेऱ्यांचं फुटेज क्लाउडवर चढू लागलं, की पॅकेट रांगेत अडकतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. राउटरवर आवाजाला पहिला मान देणारं क्यूओएस लावा. जास्त महागड्या प्लॅनपेक्षा त्याचा उपयोग होतो.

‘सिम गेटवे जोडा, परदेशातल्या मुलाशी लोकल दरात बोला.’ मुलाच्या मोबाइलवर तुमचंच एक्स्टेन्शन टाकून ॲप ते ॲप बोललात तर ती साधी इंटरनेटची गोष्ट आहे. कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर इंटरनेट टेलिफोनी भारतात २००२ पासून खुली आहे. पण परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल सिम गेटवेतून (सिम कार्डं घालून इंटरनेटचा कॉल मोबाइल नेटवर्कवर देणाऱ्या पेटीतून) इथल्या मोबाइल नंबरांवर उतरवणं म्हणजे परवान्याशिवाय एक्स्चेंज चालवणं. अशा पेट्यांवर, म्हणजे सिम बॉक्सवर, पोलिसांच्या धाडी पडतात त्या याच कारणाने. तुम्ही सिम ज्याच्या नावावर घेतलंत त्या बिचाऱ्या कामगारालाही त्यात ओढाल.

‘एकदा बसवलं की बघायला नको.’ मेसेजमध्ये जी सिपची जुनी फाइल लिहायला सांगितली आहे, ती वाचणारा चॅन-सिप हा भाग २०२३ मध्ये आलेल्या ॲस्टरिस्क २१ मधून काढूनच टाकला आहे. पीजेसिपच्या नव्या पद्धतीत प्रत्येक फोनसाठी एंडपॉइंट (फोन), ऑथ (पासवर्ड) आणि एओआर (फोनचा पत्ता) असे तीन भाग लिहावे लागतात. म्हणजे नवी आवृत्ती टाकून मेसेजमधली कृती केलीत तर एकही फोन नोंदला जाणार नाही, आणि ती चालावी म्हणून जुनी आवृत्ती शोधून टाकलीत तर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेलं किंवा बंद होऊ घातलेलं सॉफ्टवेअर वापरत बसाल.

मेसेजमध्ये ११२ या आपत्कालीन नंबरचा तर उल्लेखच नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला. त्यानंतर तरी आपल्या शहरात याकडे दुर्लक्ष होऊ नये. बाहेरच्या कॉलसाठी आधी शून्य दाबायचा नियम केला असेल, तर डायलप्लॅनमध्ये (कोणता नंबर कुठे जोडायचा त्या नियमांत) वेगळी ओळ लिहिल्याशिवाय नुसतं ११२ लागणार नाही. वीज गेली आणि राउटर, स्विच, सर्व्हर यूपीएसवर नसले, तर एकही एक्स्टेन्शन चालणार नाही. ती ओळ लिहा, तिन्ही यूपीएसवर घ्या, आणि तुमच्या ट्रंकवरून ११२ लावल्यास कॉल कुठल्या शहरात पोचतो हे कंपनीला लेखी विचारा. स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत वॉचमनच्या टेबलावर एक साधा मोबाइल चार्ज करून ठेवा आणि रातपाळीच्या प्रत्येकाला तो कुठे आहे ते दाखवा.