किती वॅटचा हवाय, साहेब?

बुकशेल्फ स्पीकर घ्यायला जा, पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा हवाय, साहेब?" अहो, वॅट अँप्लिफायर देतो! स्पीकरवरचा आकडा म्हणजे तो किती सोसेल, एवढंच. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटमध्ये स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो ते. ९० डेसिबलवाला जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८४ वाल्याला चौपट ताकद लागते. त्यात तो ४ ओहमचा, म्हणजे कमी रोधाचा आणि जास्त करंट ओढणारा निघाला तर स्वस्तातल्या अँपला घाम फुटतो तो वेगळाच. हे विचारलं की सेल्समन खोकं उलटंपालटं करतो आणि म्हणतो, "बेस दणदणीत आहे ना पण!" आणि ते पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारी आकडे कुठून आणतात देव जाणे. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री हळू आवाजात भीमसेन ऐकायचेत हो, विसर्जनाची मिरवणूक नाही काढायची! त्याला एक-दोन वॅट पुष्कळ झाले.