यादी १९२० पासून सुरू व्हायला हवी

वंशद्वेषावरच्या चित्रपटांची एक यादी वाचली; ती १९६७ च्या 'इन द हीट ऑफ द नाइट'पासून सुरू होते. त्यामुळे ऑस्कर मिशोचा 'विदिन अवर गेट्स' (१९२०) हा मूकपट राहून गेला, आणि तो राहायला नको होता. कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शकाचा, आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा चित्रपट. अनेक दशकं तो हरवलाच होता. स्पेनमध्ये प्रत सापडली आणि १९९३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिची डागडुजी केली. प्रसंगांमधल्या मजकुराच्या पाट्या स्पॅनिशमधून पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या, म्हणून भाषा कुठेकुठे अवघडलेली वाटते.

शेवटचा भाग नीट बघा. एकीकडे जमाव नायिका सिल्व्हियाच्या दत्तक पालकांना ठार मारतोय, दुसरीकडे एक गोरा तिच्यावर झडप घालतोय; दोन्ही प्रसंग आलटून पालटून येतात. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये हेच तंत्र कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वंशद्वेषी संघटनेला तारणहार ठरवण्यासाठी वापरलं होतं. मिशोकडे कुणी वाचवायला येत नाही. हल्लेखोर थांबतो तो तिच्या छातीवरचा व्रण ओळखून: ती त्याचीच मुलगी निघते!

मूकपट असल्याने पार्श्वसंगीत प्रत्येक आवृत्तीत वेगळं आहे. ते खटकलं तर आवाज बंद करून बघा.